हॉटेलात इजा झाली तर भरपाई कशी मागायची: कागद, मुदती आणि नेहमी होणाऱ्या चुका

पोचपावती

सिझलरची तापलेली ताटली मांडीवर कलंडते, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पाय सरकून मनगट मोडतं, पुलावातल्या खड्यानं दाढ फुटते. अशा वेळी बहुतेक लोक मॅनेजरशी भांडतात, बिल माफ करून घेतात आणि घरी जातात. दोन महिन्यांनी दवाखान्याचा खर्च लाखाच्या वर गेला की भरपाईचा विचार सुरू होतो, आणि तोवर हातात काहीच उरलेलं नसतं. म्हणून हा धागा.

दाद मागायला जागा अशा: ग्राहक आयोग, अन्नात दोष असेल तर अन्न व औषध प्रशासन, निष्काळजीपणा उघड असेल तर पोलीस, आणि शेवटी दिवाणी न्यायालय. पहिल्या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येतं. प्रत्यक्ष पैसे हातात पडायचे ते बहुधा ग्राहक आयोगातूनच, कारण तिथं खर्च नगण्य आहे आणि वकील सक्तीचा नाही.

माझं ठाम मत असं की या तक्रारी कायद्याच्या मुद्द्यावर हरत नाहीत. ‘इजा याच हॉटेलात, याच कारणानं झाली’ हे दाखवणारा त्या दिवशीचा कागद नसतो, म्हणून हरतात. त्यामुळे पहिले ४८ तास महत्त्वाचे:

बिल घ्याच. मॅनेजर ‘राहू द्या, बिल नको’ म्हणाला तरी आग्रहानं छापील बिल मागा आणि पैसे यूपीआयनं भरा. माफ झालेलं बिल म्हणजे तुम्ही तिथं होता याचा गेलेला पुरावा.

जागेचा व्हिडिओ काढा, नुसता फोटो नको. पडल्यावर पाच-दहा मिनिटांत फरशी कोरडी होते किंवा कोणीतरी ‘फरशी ओली आहे’ची पिवळी पाटी आणून ठेवतं. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून दिव्याचं प्रतिबिंब दिसेल असं चित्रण केलं तर ओल स्पष्ट दिसते, वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. न दिसणारी पायरी असेल तर तिच्याशेजारी पाण्याची बाटली ठेवून उंचीचा अंदाज येऊ द्या. मोडकी खुर्ची असेल तर तुटलेल्या सांध्याचा जवळून फोटो हवा: गंजलेलं वेल्डिंग आणि ताजी मोड यांचा रंग वेगळा असतो.

सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी लेखी पत्र द्या. डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, अनेक ठिकाणी सात दिवसांत, फार तर महिन्याभरात. पत्रात तारीख, वेळेची खिडकी (उदा. रात्री ८:१५ ते ९:३०) आणि कोणत्या भागातला कॅमेरा हे लिहा, ईमेलही करा. चित्रण ते तुम्हाला देणार नाहीत, हरकत नाही. पत्र मिळूनही पुसलं, तर आयोगापुढे त्यांच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढा, म्हणजे चित्रण त्यांच्या विरोधातच होतं असं धरा, असं म्हणता येतं.

आणि शेजारच्या टेबलावरच्या एखाद्याचा फोन नंबर घ्या. वेटर तुमच्या बाजूनं साक्ष देणार नाही, त्याची नोकरी आहे.

कात्रीगाठ

दवाखान्याच्या बाजूनं भर घालतो. या सगळ्यात वजनदार कागद म्हणजे पहिल्या केसपेपरवरची ‘हिस्टरी’ची ओळ. कॅज्युअल्टीत डॉक्टर ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ…’ असं लिहून कशानं, कुठं, किती वाजता इजा झाली ते नोंदवतात. ‘अलेज्ड’ शब्दानं बिचकू नका, ती लिहिण्याची पद्धत आहे. तिथं ‘हॉटेलात गरम सूप अंगावर सांडून’ असं हवं. नुसतं ‘भाजल्यानं’ असेल तर सामनेवाल्याचा, म्हणजे हॉटेलचा, वकील विचारतो, घरी भाजलं नाही कशावरून? सगळ्यात वाईट म्हणजे विम्याची भानगड नको म्हणून काही जण स्वतःच ‘घरी पाय घसरला’ असं सांगतात. ती ओळ नंतर पुसता येत नाही, आणि डिस्चार्ज कार्डावर तीच उतरते.

जखम निष्काळजीपणातून झाली असं रुग्ण सांगत असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवायला सांगा. रुग्णालय पोलीस चौकीला कळवतं, एमएलसी नंबर मिळतो. तो नंबर केसपेपरवर आहे ना ते बघा.

भाजण्याबद्दल: जखमेवर साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. यानं जखम बिघडते आणि नंतर ‘रुग्णानं स्वतःच वाढवली’ असा बचाव मिळतो. किती टक्के भाजलं ते लिहून घ्या. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. फोटो पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या आणि तीन महिन्यांनी, त्याच उजेडात. भाजल्याचा व्रण पहिल्या महिन्यात दिसतो त्याहून नंतर जाड होऊ शकतो, आणि खर्च तिथंच असतो.

दात तुटला असेल तर तुकडा आणि खडा दोन्ही जपून ठेवा, आणि त्याच दिवशी एक्स-रे. दाढ आधीपासून किडलेली होती हा बचाव ठरलेलाच आहे.

अर्धाकप

चांगला धागा. एक शंका: मित्रानं पार्टी दिली, बिल त्याच्या नावावर, इजा मला. मग ग्राहक कोण?

पोचपावती

दोघंही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये पैसे देणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीनं सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक आहे. म्हणून लग्नाच्या हॉलमधला पाहुणा, ऑफिसच्या पार्टीतला कर्मचारी हेही येतात. मित्राचं एका पानाचं शपथपत्र जोडा: ‘त्या दिवशी मी इतक्या जणांचं बिल भरलं, त्यात हे होते.’ लहान मुलाला इजा झाली असेल तर आई-वडील किंवा पालक तक्रार करतात.

ऑर्डर दिली नव्हती, टेबलाची वाट बघत होतो, अशा वेळी मुद्दा वादाचा होतो. कायद्यात ‘दिलेला किंवा देऊ केलेला मोबदला’ असे शब्द आहेत, त्यावर बोट ठेवावं लागतं. पण रस्त्यावरून येऊन फक्त स्वच्छतागृह वापरताना पडलात, तर तुम्ही त्यांचे ग्राहक नाही. तो विषय दिवाणी दाव्याचा.

गल्ल्यावरून

हॉटेलवाल्यांच्या बाजूचं थोडं सांगतो, म्हणजे समोरचा असा का वागतो ते कळेल.

मोठ्या हॉटेलांकडे पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे ग्राहकाला किंवा त्रयस्थाला झालेल्या इजेच्या भरपाईचा विमा असतो. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, अशी अट त्या पॉलिसीत असते. म्हणून मॅनेजर तोंडानं ‘सॉरी सर’ दहा वेळा म्हणेल, कागदावर एक अक्षर देणार नाही. त्याला धरून ठेवण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा तुमचं पत्र घेतल्याचा सही-शिक्का मागा, नाही दिला तर त्याच पत्राचा फोटो काउंटरवर ठेवलेला काढा आणि ईमेल पाठवा. नोटिशीत ‘आपल्या विमा कंपनीला कळवावे’ असं एक वाक्य टाका. मालकाला विमा कंपनीला वेळेत कळवायचं असतं, उशीर झाला तर त्याचाच दावा अडतो. त्या वाक्यानं कधीकधी चर्चा लवकर सुरू होते.

लहान हॉटेलांकडे असा विमा बहुधा नसतो. काही जण १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा नोटिशीत लिहितात. तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, खानावळीला लावून हसं होतं.

खातेउतारा

आता सगळ्यात जास्त तक्रारी कुठं अडतात ते: पाटीवरचं नाव आणि मालकाचं कायदेशीर नाव एक नसतं. ‘हॉटेल अमुकतमुक, मॅनेजर’ असं लिहून तक्रार केली, आदेश मिळाला, वसुलीला गेलात आणि त्या नावाची कोणी व्यक्तीच अस्तित्वात नाही, असं होतं.

नाव शोधायचं असं. बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधा म्हणून तो टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि मालकीचा प्रकार दिसतो. बिलावरच १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही (अन्न परवान्याचा) असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. या परवान्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर त्यावरून परवानाधारक कळतो. दोन्हीकडे वेगळी नावं निघाली तर दोघांनाही सामनेवाले करा.

वेगळी नावं निघण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे हॉटेल ‘चालवायला’ दिलेलं असतं. परवाना जुन्या मालकाच्या नावावर, धंदा कंडक्टिंग करारावर (चालवायला देण्याच्या करारावर) दुसऱ्याचा. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ते त्यांचं भांडण, तुम्ही दोघांना धरा. प्रोप्रायटरी (एकाच मालकाची) फर्म असेल तर ‘अमुक व्यक्ती, प्रोप्रायटर, हॉटेल तमुक’ असं लिहा. भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार. कंपनी असेल तर नोंदणीकृत पत्ता कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. मॉलमधल्या फूड कोर्टात फरशी मॉलची आणि काउंटर हॉटेलचं, तिथं मॉल चालवणारी कंपनीही हवी. उगाच दहा जणांना मात्र ओढू नका, प्रत्येकाला नोटीस लागू होण्यातच महिने जातात.

महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन ना-हरकत, तपासणी अहवाल हे माहिती अधिकारात मिळतात, दहा रुपयांत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. आगीच्या किंवा धुराच्या इजेत ते मागवाच.

अर्धाकप

बापरे, एवढं? साध्या चहानं भाजलं तर हे सगळं करायचं?

खातेउतारा

साध्या चहाला जीएसटी क्रमांकापर्यंत पुरे.

मीठमोहरी

अन्नातून झालेल्या इजेचं गणित वेगळं आहे, आणि पडण्याझडण्यापेक्षा सिद्ध करायला अवघड.

पहिली चूक: ‘शेवटी जिथं खाल्लं तिथूनच झालं’ असं गृहीत धरणं. स्टॅफिलोकॉकसचं विष किंवा शिळ्या भातातला बॅसिलस सेरियस एक ते सहा तासांत उलट्या सुरू करतो. साल्मोनेलाला साधारण सहा तासांपासून तीन दिवसही लागतात. रात्री नऊला जेवून साडेनऊला ताप आला, तर बचाव पक्षाचा डॉक्टर दुपारच्या जेवणाकडे बोट दाखवणारच. म्हणून आधीच्या ७२ तासांत काय, कुठं खाल्लं याची यादी त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली तेही.

दुसरी: प्रतिजैविक घेतल्यावर शौच तपासणीला देणं. नमुना आधी, गोळी नंतर. नाहीतर कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) काही उगवत नाही.

तिसरी: अन्नच टाकून देणं. उरलेलं स्वच्छ डब्यात, फ्रीजमध्ये, डब्यावर तारीख-वेळ. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर घरी ठेवलेल्या नमुन्याची किंमत कमी असते, कारण मधे काय झालं हे कोण सांगणार. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, मात्र खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं कळवावं लागतं. अन्नात झुरळ, काच, तार दिसली तर हे तिथंच टेबलावर शक्य आहे. विषबाधेत शक्य नाही, कारण तेव्हा कळलेलंच नसतं.

त्यामुळे विषबाधेत सगळ्यात बळकट पुरावा म्हणजे एकाच टेबलावरचे तीन-चार जण एकाच पदार्थानं, जवळपास एकाच वेळी आजारी पडणं. प्रत्येकाचा वेगळा केसपेपर घ्या. कोणी काय खाल्लं नाही हेही लिहा: रायता न खाल्लेला माणूस ठणठणीत राहिला, ही नोंद फार मोलाची.

महाराष्ट्र एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) टोल फ्री १८००-२२२-३६५. अन्न सुरक्षा अधिकारी येऊन नमुने घेतात, अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो. तो दुसऱ्या दिवशीच्या अन्नाचा अहवाल असतो, तुमच्या ताटाचा नाही. तरीही स्वयंपाकघर अस्वच्छ, फ्रीज बंद, पाण्याची टाकी उघडी अशा नोंदी झाल्या तर ग्राहक आयोगात त्या चांगल्या चालतात.

पोचपावती

@मीठमोहरी, उत्तम. त्याच कायद्याच्या कलम ६५ कडे लोकांचं लक्ष जात नाही. अन्नामुळे मृत्यू झाला तर किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाई न्यायनिर्णय अधिकारी किंवा न्यायालय देऊ शकतं. घटनेपासून सहा महिन्यांच्या आत, आणि मृत्यू असेल तर ३० दिवसांत अंतरिम मदत असं कलमात आहे. एफडीएकडे तक्रार देताना ‘कलम ६५ खाली भरपाई मिळावी’ हे वेगळं लिहा. लोक फक्त ‘कारवाई करा’ लिहितात, मग दंड सरकारजमा होतो आणि रुग्णाच्या हाती काही येत नाही.

उंबरठा

पोलिसांत जावं का? माझ्या मते साध्या इजेत नको. वर्षानुवर्षं तारखा.

कात्रीगाठ

साध्या इजेत मान्य. पण ‘गंभीर’ची व्याख्या बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, आणि १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार न करता येणं हे गंभीर दुखापतीत येतं. जुन्या दंडविधानात हे २० दिवस होते. म्हणजे खड्यानं तुटलेला दात कायद्यानं गंभीर दुखापत आहे, ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी.

पोचपावती

निष्काळजीपणानं गंभीर दुखापत झाली तर कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद. साध्या दुखापतीला १२५(अ), सहा महिन्यांपर्यंत. १ जुलै २०२४ पूर्वीची घटना असेल तर जुन्या दंडविधानाची कलमं ३३७, ३३८. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

@उंबरठा, पोलिसांचा खरा उपयोग शिक्षा होण्यात नाही, पंचनाम्यात आणि डीव्हीआर जप्त होण्यात आहे. ते काम पहिल्या आठवड्यात झालं तर झालं. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवासाच्या जागी ड्राय आइस दिलं गेलं आणि लोकांच्या तोंडातून रक्त आलं. तो उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड, थोड्या वेळात हवेत उडून जातो. अशा इजेत जागेवरची जप्ती नसेल तर पुराव्याचं नावही राहत नाही. भटारखान्यातलं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक पाण्याच्या बाटलीतून दिलं गेलं, तर तीच गोष्ट: बाटली हातची सोडू नका.

त्रैराशिक

किती मागायचे यावर कोणी बोललं नाही अजून. आकडा हवेतून काढू नका. ‘मानसिक त्रासापोटी २५ लाख’ लिहिलेलं बघून आयोगाचे सदस्य पुढचं पान वेगळ्या नजरेनं वाचतात.

झालेला खर्च बिलांनुसार. पुढचा खर्च डॉक्टरांच्या लेखी अंदाजपत्रकानुसार: व्रणाची शस्त्रक्रिया, इम्प्लांट, फिजिओथेरपीच्या किती बैठका, दर किती. बुडालेली कमाई: नोकरदाराला पगारपत्रक आणि कंपनीचं रजेचं पत्र (बिनपगारी की हक्काची, ते लिहिलेलं हवं), धंदेवाल्याला तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. रिक्षा-टॅक्सी, मदतनीस. मग वेदना, विद्रूपता, आयुष्यातल्या आनंदाची हानी.

कायमचं अपंगत्व आलं असेल तर मोटार अपघातांसाठी ठरलेली पद्धत मोजपट्टी म्हणून वापरता येते. आयोगावर ती बंधनकारक नाही, पण आकड्याला आधार मिळतो. सरला वर्मा (२००९) निकालातले गुणक (वर्षाचं नुकसान वयानुसार कितीनं गुणायचं ते) असे: वय २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११. उदाहरण: वय ३४, महिना ३०,००० रुपये, कमाईची क्षमता १० टक्के घटली. वर्षाचे ३,६०,०००, त्याचे १० टक्के ३६,०००, गुणिले १६ म्हणजे ५,७६,००० रुपये.

इथं एक चूक सर्रास होते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ‘उजव्या हाताचं २० टक्के’ असतं आणि लोक तेच २० टक्के कमाईला लावतात. राजकुमार वि. अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हा भेद नीट समजावला आहे: अवयवाचं अपंगत्व, पूर्ण शरीराचं अपंगत्व आणि कमाईवरचा परिणाम या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बोट आखडलं तर प्राध्यापकाचं फारसं बिघडत नाही, तबलजीचं सगळंच बिघडतं. तो परिणाम शपथपत्रात कामाचं वर्णन करून दाखवावा लागतो. आणि प्रमाणपत्र उपचार संपल्यावर घ्या, मधेच घेतलं तर ‘तात्पुरतं’ असा शेरा येतो.

अर्धाकप

मेडिक्लेममधून खर्च मिळाला असेल तर तो वजा होतो का?

त्रैराशिक

मोटार अपघाताच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं की मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही, कारण तो तुमच्या हप्त्यांचा मोबदला आहे. हॉटेलच्या तक्रारीत तोच युक्तिवाद करता येतो, पण ती मोटार कायद्याची भाषा आहे हे लक्षात ठेवून. रक्कम मिळाल्याचं लपवू मात्र नका. मूळ बिलं विमा कंपनीकडे जातात, म्हणून देण्याआधी रुग्णालयाच्या शिक्क्याच्या प्रती काढून ठेवा.

पोचपावती

आता दाखल करण्याबद्दल.

कोणत्या आयोगात हे मागितलेल्या भरपाईवर नाही, तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. जेवणाचं बिल १,८०० रुपये असेल तर वीस लाख मागा, तरी जिल्हा आयोगच. त्याची मर्यादा ५० लाखांच्या मोबदल्यापर्यंत आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही कसोटी वैध ठरवली. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य. गोव्यात शॅकवर (किनाऱ्यावरच्या हॉटेलात) पाय भाजला आणि राहता पुण्यात, तर पुण्यातच तक्रार करता येते: तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथलं क्षेत्र चालतं. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, त्यामुळे अजूनही चुकीचा सल्ला मिळतो.

मुदत दोन वर्षं. १० मार्चला पडलात तर दोन वर्षांनंतरच्या मार्चची वाट बघू नका. मालकाचं ‘बघू, करू काहीतरी’ आणि तुमची नोटीस, यांनी मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज, सबळ कारणासह.

नोटीस कायद्यानं बंधनकारक नाही, पण १५ दिवसांची पाठवा, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. एका पानात बसवा. रागाचे शब्द नकोत, ते पान पुढे निशाणी (पुराव्याचा कागद) म्हणून जोडलं जाणार आहे.

तक्रार मराठीत चालते. आता ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. तारखांचा क्रम, सामनेवाल्यांची नावं-पत्ते, सेवेतील त्रुटी नेमकी काय, मागणी, शपथपत्र आणि कागदांची अनुक्रमित यादी. पुण्याकडे सामनेवाल्याला जाबदेणार म्हणतात, त्यानं बिचकू नका. स्कॅन वाचता येईल असं हवं, मोबाइलवर तिरकं काढलेलं डिस्चार्ज कार्ड त्रुटी म्हणून परत येतं. व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) लावा आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फाइलचं तारीख-वेळेचं अंगभूत तपशील नाहीसं होतं.

दाखल झाल्यावर ती स्वीकारायची की नाही याचा निर्णय २१ दिवसांत अपेक्षित. नोटीस लागू झाल्यावर सामनेवाल्याला लेखी कैफियतीसाठी (उत्तरासाठी) ३० दिवस, वाढवून आणखी १५. त्यापुढे नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलं. ४६ व्या दिवशी कैफियत आली तर लगेच लेखी हरकत घ्या, नाहीतर ती चुपचाप अभिलेखावर जाते. निकाल तीन महिन्यांत असं कायदा म्हणतो. कायदा बरंच काही म्हणतो.

पूर्वतयारीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. महिलांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

उंबरठा

‘आपल्या जबाबदारीवर’ अशी पाटी असते की सगळीकडे. मुलांच्या खेळण्याच्या जागेत तर हमखास.

पोचपावती

पाटीनं निष्काळजीपणा माफ होत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ताज महाल हॉटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलं. विषय व्हॅलेकडे (हॉटेलच्या गाडी लावून देणाऱ्या माणसाकडे) दिलेली गाडी चोरीला जाण्याचा होता, पण तत्त्व असं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी ‘मालकाच्या जोखमीवर’ लिहून झटकता येत नाही. घसरगुंडीचा पत्रा सुटलेला असेल तर पाटी कितीही मोठी असो.

गल्ल्यावरून

खरा बचाव पाटीचा नसतो, ‘तुमचीही चूक’ हा असतो. मूल टेबलांमधून पळत होतं, पाहुणा प्यायलेला होता, वेटरनं ‘प्लेट गरम आहे’ सांगितलं होतं. यावर रक्कम कापली जाते. उत्तर तयार ठेवा. चहा गरम होता ही तक्रारच नाही, चहा गरमच असतो. तो लहान मुलाच्या डोक्यावरून दिला, ट्रे एका हातात आणि दुसऱ्या हातात बिल होतं, किटलीचं झाकण सैल होतं, ही तक्रार. ६० अंशांचं पाणीही मोठ्या माणसाला पाच-एक सेकंदांत खोल भाजतं, मुलांना त्याहून लवकर. त्रुटी पदार्थात नाही, देण्याच्या पद्धतीत दाखवा.

अर्धाकप

आणि वेटरच भाजला तर?

त्रैराशिक

तो ग्राहक नाही. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), नाहीतर कर्मचारी भरपाई: त्यासाठी पूर्वी १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२०. वेगळा धागा काढा.

उंबरठा

दिवाणी दाव्याबद्दल फक्त नाव घेतलंत.

पोचपावती

कारण गरज क्वचित पडते. तुम्ही ग्राहकच नसाल, किंवा बरेच साक्षीदार तपासायचे असतील तर. मागणीनुसार कोर्ट फी लागते. वेळेचा अंदाज हवा असेल तर दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलच्या तरणतलावात १९७२ मध्ये उडी मारताना जायबंदी झालेल्या जर्मन वैमानिकाचा खटला बघा: भरपाईचा आदेश १९९७ मध्ये, आणि तो माणूस १९८५ मध्येच वारला होता.

खातेउतारा

तडजोडीबद्दल एक. हॉटेल पैसे देत असेल आणि पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलं असेल, तर सही करण्याआधी थांबा. नुसता तातडीचा दवाखान्याचा खर्च देत असतील तर घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हातानं लिहा: ‘वैद्यकीय खर्चापोटी, हक्क राखून.’ आयोगातही मध्यस्थी कक्ष असतो, तिथं झालेली तडजोड आदेश म्हणून नोंदली जाते, ती बरी. पोलीस केस असेल तर खासगी तडजोडीनं ती आपोआप बंद होत नाही, हे दोन्ही बाजू विसरतात.

कात्रीगाठ

तक्रार दाखल केल्यावर व्रणाची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तर रक्कम वाढवता येते का?

पोचपावती

दुरुस्तीचा अर्ज देता येतो, पुरावा सुरू होण्याआधी दिला तर सहसा अडचण येत नाही. म्हणून मूळ तक्रारीतच ‘पुढील उपचारांचा खर्च वाढल्यास मागणी दुरुस्त करण्याचा हक्क राखून’ हे वाक्य घाला आणि डॉक्टरांचं अंदाजपत्रक जोडा.

आदेश मिळाल्यावर प्रमाणित प्रत पक्षकारांना मोफत मिळते. सामनेवाल्याला अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. भरलीही नाही आणि अपीलही केलं नाही, तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली दंड किंवा कैद, असे दोन वेगळे अर्ज. एकात दोन्ही मागितलं तर परत येतो.